धंद्यासाठी घेतलेले प्रेशर वॉशर आणि ‘फक्त घरगुती वापरासाठी’

नागपूरच्या मानेवाडा भागातील एका वाचकाने विचारले आहे: “पाण्याच्या टाक्या, सोलर पॅनल आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर धुऊन देण्याचा माझा लहानसा व्यवसाय आहे. मागल्याच्या मागल्या मार्चमध्ये १८,५०० रुपयांना प्रेशर वॉशर घेतले. मे महिन्यात त्याची मोटर जळली. जूनमध्ये दुकानदाराने, मशीन फक्त घरगुती वापरासाठी होते असे सांगून, एक वर्षाची वॉरंटी नाकारली. बिल फर्मच्या नावाने आहे आणि हाताखाली दोन मुले आहेत. ओळखीचे एक जण म्हणतात की, मशीन घरासाठी घेतले होते असेच ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीत लिहा. तसे लिहावे का?”

मुळीच लिहू नका. शिलाई मशीन, डीप फ्रीझर, झेरॉक्सचे यंत्र अशा वस्तूंबाबत हाच प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो आणि दर वेळी कोणीतरी ओळखीच्याने हाच सल्ला दिलेला असतो. बिल फर्मच्या नावाने असताना प्रतिज्ञापत्रावर ते घरचे मशीन म्हणणे हा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्याचा प्रकार आहे. शिवाय त्या एका वाक्याने तुमची खरी बाजूच बुडते, कारण तुमचे प्रकरण टिकले तर ते दुकानदाराला कामाचे स्वरूप आधी सांगितले होते, एवढ्याच गोष्टीवर टिकेल.

धंद्यासाठी वस्तू घेतली म्हणजे ग्राहकपण संपले, ही भीती निराधार आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) मध्ये वाणिज्यिक प्रयोजनासाठी वस्तू घेणारा वगळला आहे हे खरे. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वापरलेली वस्तू त्या वगळणुकीतून बाहेर काढली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात, जुन्या कायद्यातील तशाच तरतुदीबाबत, स्वतः यंत्र चालवणाऱ्याने एक-दोन माणसांची मदत घेतली तरी तो ग्राहकच राहतो, असे स्पष्ट केले आहे. यंत्र सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती सोपवले, तर मात्र हे संरक्षण जाते. त्यामुळे पाइप तुम्ही स्वतः हातात धरता, मुले मदतीला असतात आणि घर याच कामावर चालते, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे. बिलावर फर्मचे नाव असणे घातक नाही, कारण एकट्या मालकाची फर्म कायद्याने मालकाहून वेगळी व्यक्ती नसते. त्या बिलावर जीएसटीची वजावट घेतली असेल, तर समोरचा पक्ष ते नक्की दाखवील. त्याचे उत्तर तयार ठेवा.

आता तुमच्या पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता आलेल्या ओळीकडे वळतो. खरेदीच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर “टाक्या आणि सोलरचं काम आहे, रोज पाच-सहा तास चालवायचं आहे, कोणतं घेऊ?” असे विचारले आणि त्याने एका मॉडेलचा फोटो पाठवून “हे घ्या, बिनधास्त चालवा” असे उत्तर दिले. संपूर्ण प्रकरणाचा निकाल या दोन संदेशांत आहे आणि तुम्ही त्यांचा उल्लेख ताजा कलम म्हणून करता! मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६(१) नुसार, खरेदीदाराने आपला विशिष्ट उपयोग विक्रेत्याला कळवला, त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला आणि तो विक्रेता अशाच मालाचा व्यापार करणारा असला, तर माल त्या उपयोगास योग्य असण्याची अट करारात गृहीत धरली जाते. याच कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवाद, आहे: विशिष्ट वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागून घेतली असेल, तर ही अट लागू होत नाही. तुम्ही दुकानात जाऊन अमुक कंपनीचे अमुक मॉडेल द्या म्हणाला असता, तर मी तुम्हाला खर्चात पडू नका असेच सांगितले असते. येथे मॉडेल दुकानदाराने सुचवले आहे आणि तेही कामाचे तास वाचून.

वॉरंटी कार्डावरील ‘फक्त घरगुती वापरासाठी’ या शब्दांचा अर्थ यानंतर बदलतो. मशीन या कामाचे नव्हते, हे विक्रेत्याचे म्हणणेच तुमचा पुरावा ठरते. अशा घरगुती मशीनमध्ये बहुधा कार्बन ब्रशची युनिव्हर्सल मोटर असते. ती हलकी आणि स्वस्त असते, पण तासन्‌तास चालवण्यासाठी नसते, आणि नागपूरच्या मे महिन्यात, तापलेल्या गच्चीवर, तर नाहीच. कार्ड बंद खोक्यात होते आणि पैसे दिल्यावरच हाती आले, हेही नमूद करा. आयोग त्याला किती महत्त्व देईल हे मात्र आजच सांगता येणार नाही. पंप कोरडा चालवला, लांब वायरमुळे व्होल्टेज पडले, असे आक्षेप येतील. त्यांना उत्तर देण्यासाठी जळलेली मोटर हवी होती आणि तुम्ही ती वाइंडिंगवाल्याकडून भरून घेऊन मोकळे झालात. जुना आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, त्याच्याकडे अजून पडला असेल, तर आजच ताब्यात घ्या, त्याचे फोटो काढा आणि जे दिसले ते त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या.

मुदतीबाबत हयगय चालणार नाही. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे मिळतात. तुम्ही जूनपासून मोजाल, विरुद्ध पक्ष खरेदीपासून मोजील. म्हणून येता मार्च हीच शेवटची तारीख समजा. मधल्या काळात दुकानदार फोनवर “बघतो, सांगतो” म्हणत राहिला, त्याने मुदत वाढत नाही. नोटीस पाठवल्यानेही वाढत नाही. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण लागते आणि तुमच्याकडे आळसाखेरीज काही दिसत नाही.

तक्रार नागपूरच्या जिल्हा आयोगात, ऑनलाइनसुद्धा, दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा. किंमत परत आणि दुरुस्तीचा खर्च मागणे योग्य. बुडालेल्या कमाईची रक्कम मात्र कामांच्या नोंदवहीशिवाय फुगवू नका. कायद्याने तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाल लागावा. आयोगात तारखांवर तारखा पडताना पाहिलेल्या कोणालाही या आकड्यांचे हसू येते. तोवर धंद्याला दुसरे मशीन लागेलच. ते घेताना बिनब्रशच्या, जास्त वेळ चालणाऱ्या इंडक्शन मोटरचे, व्यावसायिक वापराचे मॉडेल पाहा, रोजचे तास सांगा आणि ‘व्यावसायिक वापरासाठी, वॉरंटी लागू’ हे शब्द दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्या. तो लिहायला कां-कूं करू लागला, तर पैसे खिशातच ठेवा.