नागपूरचं ऊन सोसलंय, मग फिनिक्सचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : यजमानांना अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सच्या उत्तरेकडच्या संगणक-चिपच्या कारखान्यात नोकरी लागली आहे, जूनच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं आहे. तुम्ही आणि चार वर्षांचा मुलगा सोबत. सासूबाईंनाही लगोलग व्हिजिटर व्हिसावर आणायचा विचार आहे, त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. आणि तुम्ही नागपूरच्या, ४७ अंशांत मंगळसूत्र तापून गळ्याला चटका बसलेल्या. तेव्हा लोक उगाच घाबरवतात की खरंच काही वेगळं आहे?

मी मूळचा अकोल्याचा, बरीच वर्षं फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये राहतो. घाबरायचं कारण नाही, पण नागपूरचा अनुभव इथे अर्धाच कामाला येतो. कुठला अर्धा, ते सांगतो.

दुपारच्या आकड्यांवर जाऊ नका. फिनिक्सचा आजवरचा उच्चांक १२२ फॅरनहाइट, म्हणजे ५० सेल्सिअस, २६ जून १९९० चा. एरवी जुलैतली दुपार ४२ ते ४५ च्या घरात. वर्ध्या-चंद्रपूरच्या माणसाला त्यात नवल नाही. नवल आहे ते मुक्कामाचं. आपल्याकडे नवतपा नऊ दिवस भाजतो आणि मृग लागला की माणूस आभाळाकडे बघायला लागतो. इथे २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटच्या (४३.३ सेल्सिअस) खाली उतरला नाही. पुढच्या वर्षी २७ मे ते १६ सप्टेंबर, सलग ११३ दिवस, रोजचं कमाल तापमान १०० फॅरनहाइट (३७.८ सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त होतं. गणपती बसतात तेव्हाही इथे उन्हाळाच असतो.

दुसरी गोष्ट रात्रीची. १९ जुलै २०२३ रोजी फिनिक्स विमानतळावर किमान तापमान ९७ फॅरनहाइट नोंदलं गेलं, म्हणजे ३६ सेल्सिअस. अख्ख्या दिवसातला सगळ्यात गार क्षण हा! वाळवंटात रात्री थंडी पडते असं आपण भूगोलात शिकलो, ते शहराबाहेर बऱ्यापैकी खरं आहे. शहरात मात्र मैलोगणती डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ओकतं. दिवसाच्या उन्हातून शरीर सावरतं ते रात्री, आणि इथे ती रात्रच मिळत नाही. गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकायच्या, पहाटे चादर ओढून घ्यायची, हे सगळं विसरा. खिडक्या उघडून "जरा वारा येऊ दे" हेसुद्धा जून ते सप्टेंबर बंद. घरातल्या मोठ्या माणसांना हे पटवायला वेळ लागतो. रात्री उठून एसी बंद करणारी एक व्यक्ती आपल्या प्रत्येक घरात असतेच.

मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स आणि आजूबाजूच्या गावांत, २०२३ मध्ये उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यात बेघर माणसं खूप होती, पण घरात गेलेलीही होती. त्या घरांपैकी बहुतेकांत एसी होता. तो बिघडलेला होता किंवा बंद होता. नागपुरात एसी ही चैन असेल, इथे त्याच्यावर जीव टांगलेला असतो. म्हणून घर शोधताना स्वयंपाकघर आणि ग्रॅनाइटचा ओटा नंतर बघा. आधी विचारा, एसी किती जुना आहे, शेवटची दुरुस्ती कधी झाली, बिघडला तर किती तासांत माणूस येतो. फिनिक्स शहराचा नियम आहे की भाड्याच्या घरात एसी असेल तर त्याने घर ८२ फॅरनहाइटपर्यंत (सुमारे २८ सेल्सिअस) थंड ठेवता आलं पाहिजे. घरमालक टाळाटाळ करू लागला तर तोंडी भांडू नका, लेखी कळवा आणि थर्मामीटरचा फोटो जोडा.

सगळ्यात वरचा मजला नको. पश्चिमेकडे मोठ्या खिडक्या असलेलं घर तर फुकट मिळालं तरी नको. इथे जूनमध्ये सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो, म्हणजे दुपारी तीननंतर पाच तास तो त्या भिंतीवर बसलेला असतो. दक्षिणेची खिडकी त्या मानाने निरुपद्रवी, कारण दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. पश्चिमेची खिडकी गळ्यात पडलीच तर बाहेरून जाळीचे सनस्क्रीन लावून घ्या. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, त्याचा फारसा उपयोग नाही. आणि छप्पर असलेलं पार्किंग मागा. महिन्याला थोडे जास्त पैसे पडतात, ते द्या.

आता कूलर. विदर्भातल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि वाळा लावलेल्या ताट्यांचा वास आठवून माझाही जीव अजून गलबलतो. इथे त्याला स्वॅम्प कूलर म्हणतात, जुन्या घरांच्या छपरांवर अजून दिसतात. एसी यायच्या आधी हे शहर त्यांच्यावरच तगलं. मे-जूनमध्ये हवा इतकी कोरडी असते, आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपास, की कूलर झकास चालतो. जुलैत पावसाळी वारे सुरू झाले की हवेत ओल येते आणि तो फक्त दमट झुळूक देत बसतो, आपल्याकडे मृगानंतर होतं तसंच. म्हणजे नेमका गरजेच्या वेळी दगा. ज्या घरात फक्त कूलर आहे ते भाड्याने घेऊ नका. पंख्याचंही तसंच. हवा अंगापेक्षा गरम झाली की पंखा अंगावर गरम हवाच फेकतो. एसीच्या खोलीत तो उपयोगी, एसीऐवजी नाही.

बिलाचं विचारलंत. वीज कंपन्या मुख्यतः दोन, एसआरपी आणि एपीएस. निवड तुमची नसते, पत्ता ज्याच्या हद्दीत त्याची वीज. निवडायचा असतो तो प्लॅन. बऱ्याच प्लॅनमध्ये कामाच्या दिवशी संध्याकाळचे काही तास वीज महाग असते. एपीएसकडे दुपारी चार ते सात. युक्ती अशी की दुपारी दोनपासूनच घर ७४ फॅरनहाइटपर्यंत (सुमारे २३ सेल्सिअस) गार करून ठेवायचं आणि महागाचे तास ८० वर काढायचे. भिंती आणि फर्निचर गार असलं की निभतं. त्या तीन तासांत ओव्हन नको, कपड्यांचा ड्रायर नको, कुकरच्या शिट्ट्याही दुपारीच उरकून घ्या. मध्यम घराला जुलैत तीनशे डॉलर सहज येतात, ते बजेटमध्ये धरा. बाहेर जाताना एसी पूर्ण बंद करायची आपली सवय इथे महागात पडते. तापलेलं घर परत गार करायला यंत्राला तासन्‌तास लागतात. ८५ वर ठेवून जा. फिल्टर उन्हाळ्यात दर महिन्याला बदला, धूळ फार. २०१८ साली बिल थकलं म्हणून वीज तोडल्यावर एका वृद्ध बाईंचा घरात मृत्यू झाला. त्यानंतर एपीएस १ जून ते १५ ऑक्टोबर थकबाकीसाठी घरची वीज तोडत नाही.

नागपुरात ज्याची सवय नसते असा एक धोका म्हणजे पायाखालची जमीन. दुपारी इथलं डांबर ७० सेल्सिअसच्या पुढे जातं. उन्हाळ्यात इथल्या बर्न सेंटरमध्ये रस्त्यावर पडून भाजलेली माणसं येतात. पडले, लगेच उठता आलं नाही, तेवढ्यात कातडी गेली. म्हातारी माणसं आणि लहान मुलं यात पुढे. मुलाला अनवाणी अंगणातही सोडू नका. बागेतल्या घसरगुंडीला आधी स्वतःचा हात लावून बघा. अंगणातल्या रबरी नळीतलं पहिलं पाणी उकळतं असतं, मुलं हौसेने तोच नळ अंगावर घेतात, तेव्हा आधी ते वाहू द्या. घरातल्या नळाचं म्हणाल तर जुलैत दोन्ही तोट्यांना गरमच पाणी येतं. गार पाण्याने आंघोळ हा प्रकार ऑक्टोबरपर्यंत विसरायचा. आणि देवळात जाताना सासूबाईंना मोजे घालायला लावा. चपला बाहेर काढून दारापर्यंतची चार पावलंसुद्धा भाजतात. मोजे घालून प्रदक्षिणा घातली म्हणून कुठला देव रागावलेला मी पाहिला नाही.

गाडीबद्दल पटकन. बॅटरी दोन-तीन वर्षांतच मान टाकते, ती नेमकी ऑगस्टमध्ये, दुकानाच्या पार्किंगमध्ये. डिकीत कायम पाणी ठेवा. चाइल्ड सीटचं धातूचं बक्कल मुलाला बसवण्याआधी हाताने तपासा. मूल झोपलंय म्हणून दोन मिनिटं गाडीत ठेवणं, कधीही नाही, गाडी चालू असली तरी नाही.

पिण्याचं पाणी. मे-जूनमध्ये घाम येतो पण दिसत नाही, आल्या आल्या उडून जातो. म्हणून तहान लागायच्या आधी प्यायचं. हे तुम्हाला ठाऊक आहेच, आपल्याकडे मुलांचा घोळणा फुटतो तो याच हवेत. ताक, लिंबू-मीठ-साखर, पन्हं, इथले रंगीत स्पोर्ट्स ड्रिंक आणण्यापेक्षा हेच बरं. कैऱ्या भारतीय दुकानात मिळतात. खिशातला कांदा हवा तर राहू द्या, त्याने नुकसान नाही. पण त्याच्या भरवशावर दुपारी बारा वाजता बाहेर पडू नका. तोंडाला ओढणी गुंडाळण्याऐवजी रुंद काठाची टोपी आणि बाहीचे सैल सुती कपडे. आणि एक सुख सांगतो. अशा हवेत कुरडया, सांडगे, पापड अर्ध्या दिवसात कडक वाळतात. फक्त रस्त्यावरून दिसेल असं वाळवण बऱ्याच कॉलन्यांना चालत नाही, मागच्या अंगणात घाला.

बाहेरची कामं पहाटे. ॲरिझोनात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये साडेपाचच्या आधी उजाडतं. पाचला फिरायला निघालात तर निम्मं गाव रस्त्यावर भेटेल. (भारताशी वेळेचा फरकही त्यामुळे बारा महिने साडेबारा तास. आईला फोन करताना हिशेब सोपा.) कॅमलबॅकसारख्या डोंगरांच्या वाटा अतिउष्णतेचा इशारा असला की दिवसा बंदच ठेवतात. ज्या वाटा उघड्या असतात त्यावरही नवखी माणसं उतरताना कोसळतात. कोणी बोलणं असंबद्ध करू लागलं, अंग तापून लाल झालं, तर झोपवून बघू या म्हणू नका. ९११ हा इथला आणीबाणीचा नंबर लावा आणि मदत येईपर्यंत बर्फ, गार पाणी, जे हाताशी असेल ते अंगावर घाला. २०२४ पासून फिनिक्सच्या अग्निशमन दलाचे लोक रुग्णाला बर्फाच्या पिशवीत घालूनच दवाखान्यात नेतात.

पावसाळ्याची फार आशा धरू नका. कागदावर तो १५ जून ते ३० सप्टेंबर असतो, पण वर्षभरात सगळा मिळून पाऊस १८० मिलिमीटरच्या आसपास. नागपुरात चार दिवसांत पडावा एवढा. त्याआधी येते ती हबूब, धुळीची भिंत. गाडी चालवताना समोर दिसली तर रस्ता सोडून पूर्ण बाजूला व्हा, सगळे दिवे बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू ठेवले तर मागचा त्या दिव्यांच्या मागे येऊन धडकतो.

जीव फारच उबगला की फ्लॅगस्टाफ. दोन-सव्वादोन तासांवर, २१०० मीटर उंचीवर, पाइनची झाडं आणि पंधराएक अंशांनी कमी तापमान. वाटेत आय-१७ महामार्गाच्या चढावर एसी बंद करा अशी पाटी लागते, गाड्या तापून बंद पडू नयेत म्हणून. ती पाळा. मुलासाठी पोहण्याचे वर्ग मात्र आल्या आल्या लावा. इथे कॉलनी-कॉलनीत तलाव असतो, त्यामुळे पोहणं ही हौस नाही, सुरक्षेची बाब आहे.

आता तुमच्या बेताबद्दल. रुजू व्हायची तारीख पुढे ढकलता येत असेल तर ऑक्टोबर मागा. नसेल तर यजमानांना एकट्याला जूनमध्ये येऊ द्या. घर, गाडी, विमा मार्गी लागेपर्यंत त्यांना हॉटेलमध्ये राहायला हरकत नाही, आणि तुम्ही दोघं दसऱ्याच्या सुमाराला या. जूनमध्ये लहान मूल घेऊन भर दुपारी दहा घरं पालथी घालणं मी कोणालाही सांगणार नाही. सासूबाईंना व्हिजिटर म्हणून साधारण सहा महिने राहता येतं, ते सहा महिने नोव्हेंबर ते एप्रिल असू द्या. तेव्हा इथली हवा इतकी सुरेख असते की त्या रोज दोन वेळा फिरायला जातील. उन्हाळ्यात आणलंत तर त्या चार भिंतींत कोंडून पडतील आणि तुम्ही दिवसभर थर्मोस्टॅटवर लक्ष ठेवाल. त्यांच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी आहे का ते नागपूरच्या डॉक्टरांना आत्ताच विचारा. उष्ण हवेत तिचा डोस बदलावा लागू शकतो. प्रवासी विमा घेताना आधीपासूनचा रक्तदाब त्यात बसतो का, हे पॉलिसी वाचून बघा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

नोकरीचं पत्र आलं की कारखान्याचा पत्ता आणि मुलाच्या शाळेचा अंदाज कळवा. कुठल्या भागात घर बघायचं ते मग सांगतो. चँडलर-गिल्बर्टला आपली माणसं जास्त आहेत, पण तिथून रोज उत्तर टोकाला जायचं म्हणजे तासभर गाडी.