प्रश्न वाचकांचे : कॅमेरा हाती घ्यावासा वाटत नाही

या वेळी विदर्भातून आलेल्या तीन पत्रांना उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील अडचण थोड्याफार फरकाने अनेक हौशी छायाचित्रकारांनी यापूर्वीही कळवली आहे.

प्रश्न : सादर नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. काही वर्षांपूर्वी मी एक वापरलेला डीएसएलआर कॅमेरा आणि त्यासोबतची १८-५५ मिलिमीटरची साधी, लहान लेन्स विकत घेतली. तेव्हापासून सुट्टीचा दिवस उजाडला की कॅमेरा खांद्याला लावून निघायचे, असा क्रमच पडला होता. आता मात्र पिशवी खुंटीलाच असते. नागझिऱ्याच्या व्याघ्र प्रकल्पात वाघाचे फोटो काढायला येणाऱ्या पाहुण्यांच्या मोठाल्या लेन्स पाहिल्या की संकोच वाटतो. स्पर्धेला पाठवलेली छायाचित्रे ‘विषय सामान्य आहे’ अशा शेऱ्यासह परत आली. नातेवाईक म्हणतात, एवढा शौक आहे तर लग्नाच्या ऑर्डरी घ्या, चार पैसे मिळतील. मागच्या पावसाळ्यात मी आमच्याच धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभा होतो. धानाच्या बांधीत (खाचरात) रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू होती, बाया गाणी म्हणत होत्या, आभाळ भरून आले होते. पण हा फोटो कोणाला आवडणार, असे मनात आले आणि मी कॅमेरा बाहेर काढलाच नाही. माझा छंद संपला, असे समजावे का?

उत्तर : आपल्या पत्रातील धुऱ्यावरचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. ज्याचा छंद संपला आहे त्याला पावसाळा उलटून गेल्यावर रोवणी, गाणे आणि आभाळ अशी तिन्ही एकत्र आठवत नाहीत. आपली नजर शाबूत आहे. तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये ‘कोणाला आवडणार’ हा प्रश्न येऊन बसला आहे, आणि माझ्या मते आपल्याला सोडवायचा आहे तो एवढाच.

आधी वाघाबद्दल. व्याघ्र प्रकल्पात ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्यांवरून जिप्सी जातात आणि वाघ दिसला की सगळ्या गाड्या एकाच जागी थांबतात. तेथे मिळणारे छायाचित्र पुष्कळदा लेन्सच्या लांबीवर आणि त्या दिवशीच्या नशिबावर ठरते. त्या कामाला मी कमी लेखत नाही. वर्षानुवर्षे एकाच जंगलाचा अभ्यास करून प्राण्यांचे वागणे टिपणारे छायाचित्रकार आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु दोन दिवसांच्या मुक्कामासाठी आलेल्या पाहुण्याशी आपली बरोबरी करून आपण स्वतःवर अन्याय करत आहात. त्याच्याकडे ६०० मिलिमीटरची लेन्स असेल, पण आपल्या गावातले पूर्ण वर्ष त्याच्याकडे नाही. जूनमध्ये टाकलेले पऱ्हे (धानाची रोपे), जुलै-ऑगस्टची रोवणी, पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, दिवाळीच्या सुमारास कापले जाणारे हलके धान आणि त्यानंतरचे भारी धान, गावोगावची मंडई (जत्रा), रात्रभर चालणारे झाडीपट्टीचे नाटक, मार्च-एप्रिलमध्ये उजाडण्यापूर्वी मोह वेचायला निघालेली माणसे, मे महिन्यातील तेंदूपत्त्याचे पुडके, हे सारे एकाच माणसाला एकाच ठिकाणी राहून, दरवर्षी नव्याने पाहता येते. ही सोय आपल्यासारख्या नोकरी सांभाळून छायाचित्रे काढणाऱ्या स्थानिक माणसालाच आहे. ‘विषय सामान्य’ असा शेरा देणाऱ्याने एक छायाचित्र पाहिले. एकाच बांधीची पाच वर्षांची छायाचित्रे शेजारी शेजारी मांडली असती, तर तोच शेरा देणे त्याला अवघड गेले असते.

१८-५५ च्या लेन्सची लाज वाटण्याचेही कारण नाही. सारसाचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात हा पक्षी आता प्रामुख्याने आपल्याच जिल्ह्यात उरला आहे आणि पावसाळ्यात तो धानाच्या शेतात आणि पाणथळ जागी घरटे करतो. लांब लेन्सने त्याच्या डोळ्याचा लाल रंगसुद्धा टिपता येईल. आपल्या लेन्समध्ये तो लहानसा दिसेल, पण त्याच्याभोवतीची बांधी, पलीकडचा मालगुजारी तलाव आणि धुऱ्यावरून जाणारा शेतकरीही दिसेल. तो पक्षी माणसांच्या शेतात, माणसांच्या भरवशावर जगतो आहे, हे दुसऱ्या छायाचित्रातूनच कळते. मात्र घरट्याच्या जवळ जाऊ नये. लेन्स लहान आहे म्हणून पाय पुढे टाकण्याचा मोह होतो, आणि जोडी घरट्यावरून उठली तर अंडी उघडी पडतात.

आपल्यापासून फार दूर नसलेल्या सेवाग्रामचे एक उदाहरण मला या संदर्भात नेहमी मोलाचे वाटते. गांधीजींचे पुतणे नारणदास यांचे पुत्र कनू गांधी आश्रमातील कार्यालयाचे काम पाहत असत. त्यांना छायाचित्रे काढण्याची इच्छा होती. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्यांनी रोलिफ्लेक्स कॅमेरा घेतला. गांधीजींनी अनुमती दिली ती तीन अटींवर : फ्लॅश वापरायचा नाही, आपण छायाचित्रासाठी मुद्दाम बसणार वा उभे राहणार नाही, आणि या कामासाठी आश्रम पैसे देणार नाही. रोलिफ्लेक्समध्ये एका रोलवर १२ छायाचित्रे येत. मातीच्या भिंतींच्या कुटीत, दारातून आणि खिडकीतून येईल तेवढ्याच उजेडात, रोलच्या खर्चाचा विचार करत काम करायचे, म्हणजे छायाचित्र काढण्यापेक्षा थांबून पाहण्यातच अधिक वेळ जाणार. तरीही गांधीजींच्या अखेरच्या दशकातील रोजच्या जगण्याचे जितके जवळचे दर्शन कनूंच्या छायाचित्रांत होते, तितके बाहेरून येणाऱ्या नामवंत छायाचित्रकारांच्या कामात क्वचितच होते. ते तेथे राहत होते आणि त्यांचा कॅमेरा आश्रमाच्या दिनक्रमाचा भाग झाला होता. आपणही आपल्या गावात तसेच राहता. वर्गातल्या मुलांना, त्यांच्या आईवडिलांना, पारावर बसणाऱ्या वृद्धांना आपण परके नाही. ही जवळीक कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आता ‘कोणाला आवडणार’ या प्रश्नाकडे येतो. त्याचे माझे उत्तर असे आहे की ज्यांचे छायाचित्र आहे त्यांना ते आधी द्यावे. आपल्या भागातील घरांत भिंतीवर लावलेला आजी-आजोबांचा फोटो नीट पाहा. पुष्कळदा तो कोणाच्या तरी लग्नातील समूहचित्रातून कापून काढलेला असतो, किंवा आधार कार्डावरचा चेहरा ताणून मोठा केलेला असतो, कारण त्या माणसाचे दुसरे छायाचित्र कधी निघालेलेच नसते. गावातील वयस्क माणसांना त्यांच्याच घराच्या दारात, सकाळच्या उजेडात, त्यांना आवडेल त्या लुगड्यात किंवा टोपीत बसवून एक एक छायाचित्र काढा. तालुक्याच्या ठिकाणी ४ बाय ६ इंचाचे प्रिंट करून घ्या आणि स्वतः नेऊन द्या. ते प्रिंट हातात घेतल्यावर घरातील माणसे काय बोलतात ते ऐका. स्पर्धेच्या निकालापेक्षा हे मत आपल्याला अधिक शिकवील, कारण ती माणसे प्रकाशयोजनेबद्दल बोलणार नाहीत, ‘यात आमची माय आमच्या मायसारखी दिसते’ किंवा ‘दिसत नाही’ एवढेच सांगतील, आणि व्यक्तिचित्राची याहून कठोर परीक्षा मला माहीत नाही.

लग्नाच्या ऑर्डरींविषयी माझे मत स्पष्ट आहे : आपण त्या घेऊ नयेत. विवाहसमारंभाची छायाचित्रे काढणारे कष्टाचे आणि सन्मानाचे काम करतात. अक्षता पडण्याचा क्षण चुकवून चालत नाही आणि थकवा आला म्हणून कॅमेरा बाजूला ठेवता येत नाही. परंतु त्यात काय काढायचे हे यजमान ठरवतो, आणि आपला थकवा नेमका दुसऱ्याच्या पसंतीच्या विचाराने आलेला आहे. शिवाय जिल्हा परिषदेच्या सेवेत असताना खासगी व्यवसायावर सेवानियमांची बंधने आहेत, हेही नातेवाईकांना सांगता येईल. घरच्या लग्नात हौसेने जरूर काढा आणि अल्बम आहेर म्हणून द्या.

पुढच्या आषाढात रोवणी सुरू झाली की त्याच धुऱ्यावर जा. ज्या बाया गात होत्या त्यांना आधी विचारा, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, आणि एक छायाचित्र त्यांच्या घरी पोहोचेपर्यंत दुसऱ्या कोणालाही दाखवू नका.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातील विद्यार्थिनी आहे. माझ्याकडे केवळ मोबाइल आहे. घरातील कापसाच्या गंजीचा फोटो काढला की पांढराशुभ्र कापूस करडा दिसतो आणि आमची काळीभोर म्हैस धुरकट दिसते. दोष मोबाइलचा आहे की माझा? आणि मोबाइलवर काढणाऱ्याला छायाचित्रकार म्हणता येते का?

उत्तर : दोष दोघांचाही नाही. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. चौकट कापसाने भरली की त्याला प्रकाश फार आहे असे वाटते आणि तो चित्र गडद करतो. चौकट म्हशीने भरली की प्रकाश कमी आहे असे समजून तो चित्र उजळ करतो. म्हणून आपण उलट दुरुस्ती करायची. बहुतेक मोबाइलमध्ये पडद्यावर विषयाला बोट लावल्यावर शेजारी सूर्याचे लहान चिन्ह येते. कापसासाठी ते वर सरकवावे, म्हशीसाठी खाली. कापसाचे तंतू दिसतील इतपतच वर न्यावे. त्यापुढे गेल्यास सगळी गंजी एकसारखी पांढरी होते आणि गेलेला तपशील नंतर परत आणता येत नाही. म्हशीच्या बाबतीत अंगावरची चमक आणि पाठीवरचे केस दिसत राहिले पाहिजेत.

याहून मोठा फरक वेळेने पडतो. वेचणीच्या दिवसांत सकाळी ऊन तिरपे असते, आणि ते बाजूने पडले की बोंडातील कापसाला उठाव येतो. आपल्याकडील उन्हाळ्यात भरदुपारी चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी उमटतात. तेव्हा माणसाला छपरीत, उन्हाच्या रेषेच्या जरासे आत बसवावे. अंगणातील मातीवरून उसळून येणारा मऊ उजेड चेहऱ्याला पुरेसा असतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. १९०० मध्ये कोडॅक कंपनीने एका डॉलरला विकलेला ब्राउनी हा पुठ्ठ्याचा साधा डबा होता, आणि घरगुती छायाचित्रणाची सवय सामान्य माणसाला लावण्यात त्याचा मोठा वाटा आहे. आपला मोबाइल त्याहून पुष्कळ समर्थ आहे. त्याची लेन्स मात्र सुती कापडाने रोज पुसत जावी. शेतातील धूळ आणि बोटांचा तेलकटपणा यांनीच निम्मी चित्रे धुरकट होतात.

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातील निवृत्त डाकसेवक आहे. तरुणपणी रोलच्या कॅमेऱ्यावर गावातील पोळा, दंडार (लोकनाट्य), नाटके, शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) यांची कृष्णधवल छायाचित्रे काढली. निगेटिव्ह लोखंडी पेटीत आहेत, काहींना आंबूस वास येतो. मुले म्हणतात, आता याचा उपयोग काय? ती ठेवावीत का?

उत्तर : अवश्य ठेवावीत. आंबूस वास येणे म्हणजे फिल्मचा ॲसिटेट या प्लास्टिकचा पाया विघटित होऊ लागला आहे. ही क्रिया थांबवता येत नाही, मंद मात्र करता येते. वास येणाऱ्या पट्ट्या इतरांपासून लगेच वेगळ्या करा, कारण त्यांतून निघणाऱ्या वायूने शेजारच्या पट्ट्यांचीही हानी वेगाने होते. बाकीच्या पट्ट्या पीव्हीसीच्या पाकिटांतून काढून साध्या आम्लविरहित कागदाच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत ठेवा. डबा घरातील कोरड्या आणि थंड खोलीत असावा. पत्र्याच्या छपराखालची माळ्यावरची जागा उन्हाळ्यात फार तापते, ती टाळावी. पावसाळ्यात बुरशीचा धोका असतो, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून बदलाव्यात.

वास येणाऱ्या पट्ट्यांच्या डिजिटल प्रती आधी करून घ्या. स्कॅनर नसल्यास एखाद्या जाणत्या तरुणाच्या मदतीने पांढऱ्या प्रकाशपट्टीवर निगेटिव्ह ठेवून कॅमेऱ्याने चित्र घेता येते आणि संगणकावर ते उलटवता येते. प्रती किमान दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा.

अमेरिकेतील शिकागो येथे मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांनी लाखाहून अधिक निगेटिव्ह मागे ठेवली. भाड्याच्या गोदामातील त्यांची खोकी २००७ मध्ये लिलावात विकली गेली तेव्हा त्या हयात होत्या, पण त्यांचे काम जगापुढे आले ते २००९ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर. त्या चित्रांतील बहुतेक माणसे कोण आहेत हे आज कोणीच सांगू शकत नाही. आपल्याकडे ही माहिती अजून मिळवता येते. प्रत्येक पट्टीला क्रमांक द्या आणि वहीत त्या क्रमांकापुढे गाव, अंदाजे वर्ष, नाटकाचे किंवा सणाचे नाव आणि ओळखू येणाऱ्या माणसांची नावे लिहा. आठवत नसेल तेथे जागा कोरी सोडा आणि चित्राची प्रत घेऊन त्या काळच्या सोबत्यांकडे जा. दंडारीत कोणी काय सोंग घेतले होते, शंकरपटात कोणाची जोडी धावली होती, हे त्यांनाच सांगता येईल. म्हणून क्रम लावताना चित्राच्या सौंदर्याकडे पाहू नका. ज्या चित्रांतील माणसे ओळखणारे आज सर्वांत वयस्क आहेत, ती चित्रे सर्वांत आधी घ्या.