वाचकांचे प्रश्न : लग्नाचा बँड आणि न्यू ऑर्लिन्सचा जॅझ

मागील अंकातील पाश्चात्त्य संगीतावरील लेख वाचून सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतले बहुतेक प्रश्न जॅझ या एकाच संगीतप्रकाराभोवती फिरणारे असल्यामुळे या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : माझे आजोबा आणि वडील दोघेही लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवत असत. आजोबांचे वाद्य मी अजून जपून ठेवले आहे. पुण्यात शिकणारा माझा भाचा म्हणतो की, अमेरिकेतला जॅझ अशाच बँडमधून जन्माला आला. हे खरे आहे, की मला बरे वाटावे म्हणून तो सांगतो?
— एक वाचक, विटा

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे खरे आहे. आपल्या घरात ते वाद्य दोन पिढ्या वाजले असल्यामुळे हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचे न्यू ऑर्लिन्स हे शहर आधी फ्रेंचांच्या, मग स्पॅनिशांच्या ताब्यात होते आणि १८०३ मध्ये ते अमेरिकेकडे आले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांना तिथे रविवारी एकत्र जमून ढोल वाजवण्याची आणि नाचण्याची थोडीफार मोकळीक होती. पुढे १८१७ च्या एका आदेशाने ती एकाच जागेपुरती उरली आणि त्या मैदानाला काँगो स्क्वेअर हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, गुलामगिरी संपल्यानंतर, याच शहरात पितळी वाद्यांचे बँड गल्लोगल्ली उभे राहिले. त्यांना आधार होता तो वर्गणीवर चालणाऱ्या परस्पर-साहाय्य मंडळ्यांचा. सभासद आजारी पडला तर मंडळी औषधपाणी पाहत असे आणि तो वारला तर बँड लावून त्याला निरोप देत असे. स्मशानाकडे जाताना बँड संथ लयीत शोकगीते वाजवी आणि दफन आटोपून परतताना तेच वादक द्रुत, नाचऱ्या चाली धरत. मागून चालणारे लोक छत्र्या आणि रुमाल उडवत त्या तालावर नाचत येत. वयोवृद्ध माणसाची अंत्ययात्रा टाळ-मृदंगाच्या गजरात नेणाऱ्या आपल्या गावांना यामागची भावना समजावून सांगावी लागू नये.

आता आपल्या वाद्याविषयी. या बँडमधून जी पहिली जॅझ पथके तयार झाली, त्यांत पुढच्या फळीला तीन वाद्ये असत. कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचेच आखूड भावंड, मूळ चाल सांगे, ट्रॉम्बोन हे सरकत्या नळीचे पितळी वाद्य खालच्या स्वरांत घसरत तिला टेकू देई आणि क्लॅरिओनेट चालीच्या वरून, तिच्या सभोवती, वेलीसारखे फिरत राही. तिघेही एकाच वेळी, प्रत्येकजण आपापल्या परीने, तिथल्या तिथे सुचेल ते वाजवीत, आणि तरीही एकमेकांच्या पायात येत नसत. आपल्याकडच्या बँडशी मुख्य फरक इथेच पडतो. आपला बँडमास्तर गाण्याची ओळ वाजवतो आणि बाकीचे तीच ओळ उचलतात. म्हणजे सगळे मिळून एकच चाल वाजवतात. मात्र आपले वादक सुचेल ते वाजवत नसत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सांगलीच्या गणपती पेठेतून जाणाऱ्या वराती मी लहानपणी पाहिल्या आहेत. चौकात वरात थांबली की क्लॅरिओनेटवाला अंतऱ्यावर अशा काही जागा घेई की मूळ गाणे क्षणभर विसरायला होई. त्या जागा कुणी लिहून ठेवल्या नाहीत आणि ध्वनिमुद्रितही केल्या नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

ही खंत न्यू ऑर्लिन्सलाही आहे. १९०० च्या आसपास त्या शहरात ज्याच्या वादनाचा सर्वाधिक बोलबाला होता, तो कॉर्नेटवादक बडी बोल्डन १९०७ मध्ये मनोरुग्णालयात गेला आणि १९३१ मध्ये तिथेच वारला. त्याच्या वादनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. जॅझची म्हणून ओळखली जाणारी पहिली ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी १९१७ मध्ये झाली, ती गोऱ्या वादकांच्या पथकाची. ज्यांनी हे संगीत घडवले त्या कृष्णवर्णीय वादकांपैकी किंग ऑलिव्हरच्या पथकाला रेकॉर्डिंगसाठी १९२३ साल उजाडावे लागले. त्या पथकात दुसरा कॉर्नेट वाजवणारा तरुण होता लुई आर्मस्ट्राँग. १९१२ च्या अखेरच्या रात्री रस्त्यात पिस्तुलाचा बार काढला म्हणून पोलिसांनी या मुलाला पकडले होते. त्याची रवानगी बालसुधारगृहात झाली आणि तिथल्या बँडमध्ये तो कॉर्नेटचे रीतसर शिक्षण घेऊ लागला. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या वादकांपैकी एकाची घडण अशी बँडच्या रांगेत उभे राहून झाली. आजोबांचे वाद्य कोणत्या परंपरेचे सख्खे भावंड आहे, हे यावरून आपल्या ध्यानात येईल.

प्रश्न : आमच्या मिरजेत सतारी आणि तंबोरे घडतात, आणि दर्ग्यातल्या संगीतसभेची परंपराही आहे. जॅझमध्येही आयत्या वेळी सुचलेले वाजवतात असे आपण लिहिता. मग त्याला रागसंगीताचाच एक प्रकार म्हणायला काय हरकत आहे?
— एक निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : हरकत आहे, बाई, आणि ती दोन्ही संगीतांविषयीच्या आदरापोटीच आहे. आपल्या गायकाच्या मागे तंबोऱ्याचा षड्ज अखंड चालू असतो. पायाखालची जमीन हलत नाही, म्हणून गायक एकेका स्वरावर निवांत थांबू शकतो. जॅझमध्ये ती जमीनच सरकत असते. पियानो किंवा गिटारवर वाजणारे स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, दर एक-दोन मापांनी (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) बदलतात आणि वादकाला सुचणारी ओळ त्या बदलाशी जुळवून घ्यावी लागते. जो स्वर या मापात गोड लागला, तोच पुढच्या मापात टोचू शकतो.

साम्य दिसते ते आवर्तनात. जॅझमधल्या 'ब्लूज' या रचनेचे एक आवर्तन बहुधा बारा मापांचे आणि प्रत्येक माप चार मात्रांचे असते, म्हणजे एकूण ४८ मात्रा होतात. ते पुन्हा पुन्हा फिरत राहते, ड्रम आणि बास ठेका धरतात आणि प्रत्येक वादक आपल्या वाट्याची आवर्तने खुलवतो. पण जोर आपल्यासारखा समेवर येत नाही. श्रोते टाळी देतात ती प्रत्येक मापाच्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. शिवाय एका मात्रेचे दोन भाग करताना पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवतात, त्यामुळे लयीला एक झुलता डौल येतो. त्यालाच 'स्विंग' म्हणतात.

आपला कान रागसंगीतावर घडलेला असल्यामुळे आपण माइल्स डेव्हिस यांची १९५९ ची 'काइंड ऑफ ब्लू' ही ध्वनिमुद्रिका जरूर ऐकावी. कॉर्डच्या धावपळीला कंटाळून त्यांनी त्यात एकाच स्वरसप्तकावर दीर्घ काळ थांबण्याचा मार्ग धरला. तिच्यातल्या 'सो व्हॉट' या पहिल्याच रचनेत कोमल गंधार आणि कोमल निषादाचे सप्तक आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने काफी थाटच. सोळा मापे त्या सप्तकात, मग आठ मापे तेच सप्तक अर्ध्या स्वराने वर चढवून आणि शेवटची आठ पुन्हा मूळ जागी, असे तिचे चक्र आहे. मधल्या आठ मापांत कुणीतरी तंबोराच वर चढवून लावल्यासारखे आपल्याला वाटेल. दोन संगीतांमधला फरक कानाला त्याच क्षणी कळतो. त्याच वर्षी डेव्ह ब्रुबेक यांच्या चमूची 'टेक फाइव्ह' ही पाच मात्रांची रचना आली. तिच्या मात्रा तीन-दोन अशा विभागल्या आहेत, म्हणजे झपतालाचा अर्धा भाग उलट्या क्रमाने. ब्रुबेक आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, भारतात येऊन गेले होते. मात्र विषम मात्रांची ओढ त्यांना इथेच लागली, असा निष्कर्ष त्यावरून कुणी काढू नये.

मिरजेचा विषय निघाला आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. मिरजेत वास्तव्य केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नहीं आवत चैन' ही झिंझोटीतली ठुमरी आणि आर्मस्ट्राँग यांची १९२८ ची 'वेस्ट एंड ब्लूज' या दोन्ही ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर, सुमारे तीन मिनिटांत, मावलेल्या आहेत. तासभर रंगणारी कला त्या यंत्राच्या अटीवर तीन मिनिटांत सांगायची वेळ दोघांवरही आली आणि दोघांनीही एक स्वर वाया जाऊ दिला नाही. आर्मस्ट्राँग आरंभी साथीशिवाय, ठेक्याशिवाय, एकट्या ट्रम्पेटवर जे काही सेकंद वाजवतात ते ऐकताना आलापाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ती होऊ द्यावी. फक्त त्याला आलाप म्हणू नये.

प्रश्न : जुन्या हिंदी चित्रपटगीतांत जॅझ आहे असे ऐकतो. तो मुंबईत कसा आला?
— एक वाचक, कराड

उत्तर : तो बोटीने आला आणि हॉटेलांत उतरला. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचे कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचे पथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले. त्यांच्यामागून आलेले पियानोवादक टेडी वेदरफोर्ड पुढे कलकत्त्यात स्थायिक झाले आणि १९४५ मध्ये तिथेच पटकीने वारले. या वादकांकडून हे संगीत उचलले ते प्रामुख्याने गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी. चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणापासून व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवली जात असे, त्यामुळे कागदावर लिहिलेले संगीत ते पाहता पाहता वाजवू शकत. 'चिक चॉकलेट' या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ हे त्यांच्यापैकीच एक होते.

१९५० च्या सुमारास मुंबई राज्यात दारूबंदी कडक झाली, हॉटेलांतल्या नाचगाण्याचा धंदा बसला आणि या वादकांना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांनी अधिकाधिक काम दिले. तिथे त्यांची गरज होतीच. बहुतेक संगीतकार चाल बांधत ती पेटीवर आणि गळ्यावर. ती पन्नासेक वादकांसाठी लिहून काढायची, मधले वाद्यसंगीत भरायचे, कॉर्ड बसवायच्या, हे काम अरेंजर करीत. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसूझा यांनी ते वर्षानुवर्षे केले. पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला'मध्ये 'शोला जो भड़के'सारखी गाणी दिली, त्यांत चिक चॉकलेट यांचा हात होता. सांगलीत १९३३ मध्ये जन्मलेल्या आशा भोसले यांचे, ओ. पी. नय्यर यांनी 'हावडा ब्रिज'साठी १९५८ मध्ये बांधलेले, 'आइए मेहरबाँ' पुन्हा एकदा ऐकावे आणि या वेळी लक्ष फक्त मागच्या वाद्यांकडे द्यावे. गोव्याच्या या वादकांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत सहसा येत नसत. ज्यांनी आपल्या कित्येक पिढ्यांचे कान घडवले, त्यांच्या बाबतीत झालेली ही गोष्ट मला अतिशय लागते.

प्रश्न : जॅझ हे शेवटी मद्यालयांतले आणि नाचघरांतले संगीत. करमणुकीच्या अशा प्रकाराला आपण कलेच्या पंक्तीला बसवून मासिकाची पाने खर्च करता, हे योग्य आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपला रोख स्पष्ट आहे, तेव्हा उत्तरही स्पष्ट देतो. करमणूक आणि कला यांच्यामध्ये आपण जी भिंत धरता, ती मला मान्य नाही. आपल्याच मातीतला दाखला घ्या. १८६६ मध्ये, तेव्हा सातारा जिल्ह्यात आणि आता सांगली जिल्ह्यात असलेल्या रेठरे हरणाक्ष गावी जन्मलेले पठ्ठे बापूराव हे कुलकर्णी घराण्यातले. ते तमाशात गेले म्हणून समाजाने त्यांना दूर केले. आज त्यांच्या लावण्यांवर प्रबंध लिहिले जातात. लावण्या त्याच आहेत. बदलली ती ऐकणाऱ्यांची नजर.

जॅझच्या बाबतीतही असेच घडले, आणि त्यामागे कराचाही हात आहे, हे फारसे सांगितले जात नाही. १९३५ नंतरची दहा वर्षे जॅझ हेच अमेरिकेतले लोकप्रिय नृत्यसंगीत होते. पंधरा-पंधरा वादकांची पथके गावोगाव फिरत आणि हजारो जोडपी त्यांच्या तालावर नाचत. १९४४ मध्ये युद्धखर्चासाठी तिथल्या सरकारने नाच किंवा गाणे जिथे चालते अशा ठिकाणांवर ३० टक्के कर बसवला, तो लवकरच २० टक्क्यांवर आणला. नुसते वाद्यवादन असेल तर हा कर लागत नसे. मालकांनी नाचाची जागा काढून तिथे टेबले मांडली आणि चार-पाच वादकांचा ताफा ठेवला. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांचे वेगवान, अवघड, बसून ऐकावे असे 'बीबॉप' त्याआधीच आकार घेत होते. त्याला हे वातावरण पोषक ठरले. करमणूक कराच्या ओझ्याखाली आपल्या भागातले तमाशाचे किती फड अडचणीत आले, हे आपल्या पिढीने पाहिले आहे. त्यांच्या वाट्याला मात्र असे वळण आले नाही.

मद्यालयात जन्मलेले ते हीन, हा निकष लावायचा तर कोठ्यांवर वाढलेल्या ठुमरीलाही आपल्याला घराबाहेर काढावे लागेल. मी तिला काढणार नाही.

प्रश्न : 'जॅझ' या शब्दाचा अर्थ काय?
— एक विद्यार्थी, इस्लामपूर

उत्तर : हा शब्द छापील स्वरूपात प्रथम आढळतो तो संगीताच्या संदर्भात नव्हे, तर १९१२-१३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बेसबॉलच्या बातम्यांत. तिथे त्याचा अर्थ जोम, चैतन्य असा होता. शिकागोमध्ये १९१५ च्या सुमारास तो संगीताला लावला जाऊ लागला. ड्यूक एलिंग्टन यांच्यासारख्या श्रेष्ठ रचनाकारांना हे नाव संकुचित वाटत असे.

प्रश्न : घरी कुणीही पाश्चात्त्य संगीत ऐकत नाही. सुरुवात करायची तर एकच काय ऐकावे?
— एक वाचक, वाई

उत्तर : एकच सांगायचे तर सिडनी बेशे यांनी १९३९ मध्ये सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवलेले 'समरटाइम'. ते मूळचे न्यू ऑर्लिन्सचे क्लॅरिओनेटवादक. चाल संथ आहे, साथ मोजकी आहे आणि वाद्याचा स्वर आपल्या सनईसारखा थरथरता आहे. सलग तीनदा ऐकावे. पहिल्या वेळी चाल ओळखीची होईल, दुसऱ्या वेळी ते ती कुठे सोडतात हे कळेल आणि तिसऱ्या वेळी ते परत कसे येतात याची वाट पाहायला लागाल. विट्याच्या वाचकांनीही हेच ऐकावे, आणि शक्य असेल तर ऐकताना आजोबांचे वाद्य पेटीतून बाहेर काढून शेजारी ठेवावे.