सिक्वेल लिहायला घेताय?

पहिला सीन लिहिण्याआधी जुनं करारपत्र मागवा. मूळ लेखकाने हक्क किती वर्षांसाठी दिले, ते कलम शोधा. मुदत लिहिलेलीच नसेल, तर आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतर 5 वर्षांचंच धरलं जातं. हे राहून गेलं तर शूटिंगच्या तोंडावर काम अडतं.

मग मूळ चित्रपट बघा आणि वहीत दोन रकाने पाडा. एकात लोकांच्या ओठांवर असलेले संवाद, धून, वस्तू. दुसऱ्यात पात्रांचं तेव्हा न मिटलेलं दुखणं. गोष्ट या दुसऱ्या रकान्यातच सापडते. 1986च्या ‘टॉप गन’मध्ये नायक मॅव्हरिकचा विमानातला जोडीदार गूस मरतो. 2022च्या पुढच्या भागात त्याचा मुलगा मॅव्हरिकसमोर उभा राहतो, आणि त्याचा नौदल अकादमीचा अर्ज मॅव्हरिकनेच मागे अडवलेला असतो. जॅकेट, मोटरसायकल दिसली की शिट्ट्या पडतात, पण माणूस खुर्चीत बसून राहतो तो त्या अर्जामुळे.

‘झपाटलेला’चा (1993) दुसरा भाग 2013मध्ये आला, तोवर लक्ष्मीकांत बेर्डे गेले होते. गोष्ट लक्ष्याच्या मुलाकडे सोपवली आणि तात्या विंचू तोच ठेवला. दिवंगत नटाची नक्कल करणारा माणूस उभा करण्यापेक्षा ही वाट कितीतरी प्रामाणिक.

जुन्या आठवणींचे सीन पहिल्या अर्ध्या तासात तीनच ठेवा. पहिला भाग न पाहिलेल्या विशीतल्या कुणाला तरी ते वाचायला द्या. त्याला जिथे अर्थ लागत नाही, तो सीन काढा, कितीही लाडका असला तरी.