आईवर काय लिहू?

प्रश्न : आई गेल्या पावसाळ्यात गेली, एक्क्याण्णव वर्षांची होऊन. गावातल्या बायकांचे रेशनकार्डाचे, विधवा पेन्शनचे कानडी फॉर्म ती ओसरीवर बसून भरून द्यायची. वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायचीय. ‘वात्सल्यमूर्ती, त्यागमूर्ती’च्या पुढे लेखणी सरकत नाही.
– एक लेक, खानापूर तालुका, जि. बेळगाव

उत्तर : ताई, त्या दोन्ही मूर्ती आधी विसर्जित करा! आई कानडी कुठं शिकल्या, तिथून सुरुवात करा. १ नोव्हेंबर १९५६ला चंदगड सोडून सगळा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर (म्हणजे आताच्या कर्नाटक) राज्यात गेला, तेव्हा त्या ऐन विशीत असतील. त्यानंतर कचेरीची कानडी शिकायची म्हणजे खायचं काम नव्हे. त्या फॉर्मांवर अंगठा उठवलेल्या बायका शोधा, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. शुद्ध करत बसू नका. ‘काकूनं आधी च्या दिला, मग झापलं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला इसरले म्हणून’ असं एखादं वाक्य मिळालं, तर दहा विशेषणांना भारी. रागीट होत्या? येऊ द्या तेही. शाईचं पॅड घरात असेल तर त्याचा फोटो छापा. पुढाऱ्यांचे शोकसंदेश मात्र शेवटच्या पानावर, बारीक टायपात.