बाग ओस, पार भरलेला

प्रश्न : आमच्या गावात नगरपालिकेने उंच कुंपणाची आणि कारंज्याची नवी बाग केली, पण तिथे सायंकाळीही कोणी फिरकत नाही. समोरच्या कडुनिंबाच्या पारावर आणि चहाच्या हातगाडीभोवती मात्र रात्री उशिरापर्यंत माणसे असतात. आता सुशोभीकरणासाठी तो पारच काढण्याचे घाटते आहे. असे का होते आणि पार वाचवण्यासाठी आम्ही काय मांडावे?
– एक वाचक भगिनी, जळगाव जिल्हा

उत्तर : विल्यम व्हाइट या अभ्यासकाने १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमधील मोकळ्या चौकांवर कॅमेरे रोखून, कुठे किती माणसे थांबतात हे चिकाटीने नोंदवले. चौकाचा आकार, ऊन, देखणेपणा अशी अनेक कारणे तपासल्यावर त्यांच्या हाती आलेला निष्कर्ष अगदी साधा होता : जिथे बसायला भरपूर जागा असते, तिथे माणसे बसतात, आणि बसलेली माणसे पाहून आणखी माणसे येतात.

खानदेशात याला एक जोड द्यावी लागते, ती सावलीची. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा दिवसभर तापलेला दगडी बाक सूर्य मावळल्यावरही चटके देतो आणि शोभेच्या पामची सावली एका माणसालाही पुरत नाही. कडुनिंबाला मात्र फाल्गुन-चैत्रात नवी पालवी फुटते, त्यामुळे ऐन वैशाखात तो गर्द असतो. शिवाय पाराला चारही बाजू असल्याने सावली सरकेल तसा माणूसही सरकतो. कोणाकडे तोंड करून बसावे आणि कोणाकडे पाठ करावी, हेही त्याला ठरवता येते. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कमध्ये हीच मोकळीक हलक्या, उचलून नेता येणाऱ्या खुर्च्यांनी दिली. ते उद्यान उंच झुडपांमागे दडल्याने गैरप्रकारांचा अड्डा झाले होते; झुडपे काढून, वाटा मोकळ्या करून १९९२मध्ये ते पुन्हा खुले झाले आणि गजबजले. आपल्या बागेच्या कुंपणाचा विचार या अनुभवाच्या उजेडात अवश्य करावा. रस्त्यावरून आत दिसत नाही अशा जागी, विशेषतः दिवेलागणीनंतर, एकटी बाई पाऊल टाकायला कचरते, आणि तिचे कचरणे रास्त आहे. आपल्याकडे बायका संध्याकाळी ओट्यावर बसतात, कारण तिथून रस्ता दिसतो आणि रस्त्यालाही त्या दिसतात.

चहाच्या गाडीला अतिक्रमण म्हणण्याची घाई होते, म्हणून एवढे सांगतो की २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रीच्या जागांबाबत नगर पथविक्रेता समितीचा विचार घ्यावा लागतो आणि त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात. माझ्या मते ही गाडी त्या जागेची राखणदारच आहे : तिच्यामुळे उजेड राहतो, कोणीतरी जागे असते आणि अनोळखी माणसालाही तिथे थांबायला निमित्त मिळते.

कारंज्यावर वाद घालत बसू नये; ते चालू असले तरी बसण्याच्या जागेची उणीव भरून निघणार नाही.

आपण निवेदन देण्यापूर्वी चार-पाच जणींनी मिळून एक आठवडाभर मोजणी करावी. सकाळी सात, दुपारी चार आणि रात्री आठ वाजता पारावर किती माणसे आहेत, बागेत किती आहेत, त्यांत बायका, मुले आणि म्हातारी माणसे किती, हे वहीत लिहावे. बायकांचा आकडा वेगळा ठेवावा, कारण चांगल्या चाललेल्या चौकांत त्यांचे प्रमाण सरासरीपेक्षा अधिक असते, असे व्हाइट यांनाही आढळले होते. पारावर बायका कमीच दिसल्या, तर तेही लपवू नये. मग पाराशेजारी चांगला दिवा आणि जवळ स्वच्छ स्वच्छतागृह यांची मागणी त्याच निवेदनात जोडावी. पार आहे तसा ठेवावा, त्याच्या डागडुजीपुरताच खर्च करावा आणि उरलेल्या पैशातून बागेचे कुंपण कमरेइतके उतरवून रस्त्याच्या बाजूने कडुनिंबाची रोपे लावावीत, असे स्पष्ट शब्दांत लिहावे. ती रोपे सावली धरीपर्यंत काही वर्षे जातील, म्हणून तोवर बाकांवर साधे छप्पर मागावे.