लहानपणी तुम्ही शंभर टक्के खरी मानायचे अशी एखादी गोष्ट सांगाल का? आणि ती तशी का वाटायची?

मी सहा वर्षांचा होईपर्यंत मला खात्री होती की लू ही एक बाई आहे.

नागपूरबाहेरच्या लोकांसाठी सांगतो, लू म्हणजे आमच्याकडचा उन्हाळ्यातला गरम वारा, आणि 'लू लागली' म्हणजे माणूस उन्हानं आजारी पडला. पारा ४५ ला जाणं ही आमच्याकडे काही बातमी नाही, २०१३ च्या मे मध्ये तर ४७.९ झाला होता. तर दुपारचे बारा वाजले की आजी दाराला कडी लावायची आणि म्हणायची, "बाहेर नोको जाऊ रे बाप्पा, लू लागन." आता तुम्हीच विचार करा, पाच वर्षांच्या पोट्ट्याला 'लागणं' म्हणजे काय माहीत असतं? कुत्रं मागे लागतं, भूत लागतं. म्हणजे लू पण कोणीतरी असणार जी मागे लागते, आणि सगळे 'लू लागली' म्हणतात, 'लागला' कोणीच म्हणत नाही, म्हणजे बाईच. त्यात जायचंच असलं बाहेर तर आजी चड्डीच्या खिशात एक कांदा टाकून द्यायची. विषय संपला! ती कांद्याला घाबरते. (कांद्यानं काही होतं असं मला आज वाटत नाही, भरपूर पाणी पिऊन आणि डोक्याला दुपट्टा बांधून निघा, पण आजीसमोर हे बोलायची हिंमत आमच्या बाबांची पण नव्हती.)

आणि मी तिला पाहिलं पण होतं. आमचं घर महाल या नागपूरच्या जुन्या वस्तीत, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत कूलर, आणि कूलर आणि चौकटीच्या मधे बोटभर फट. दुपारी सगळे झोपले की मी त्या फटीला डोळा लावून बसायचो. रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि दूर कोपऱ्यावर डांबर एकदम ओलं दिसायचं, कोणीतरी बादली सांडल्यासारखं, आणि त्याच्यावर काहीतरी हलायचं, पदर हलतो ना तसं. शाळेत नंतर कळलं की ते मृगजळ, रस्त्यालगतची हवा तापून विरळ होते, वरून येणारा उजेड त्यात वाकतो आणि आपल्याला आभाळच रस्त्यावर सांडलेलं दिसतं. पण तेव्हा माझ्यासाठी पुरावा पक्का होता.

मजा म्हणजे मागच्या दिवाळीत मी हे सगळं रंगवून सांगत होतो तर ताई म्हणाली, "फटीतून मी पाहायची रे, तुझा हात पण पुरत नव्हता तिथपर्यंत, तुला मी सांगितलं होतं." आता मला तर त्या फटीतून येणारा कूलरच्या ओल्या ताट्यांचा वास सुद्धा आठवतो! कोण खरं, देव जाणे. जीन पियाजे नावाचे स्विस मानसशास्त्रज्ञ होते, मुलं विचार कसा करतात यावर ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांची पण हीच गत झाली होती. त्यांना स्पष्ट आठवायचं की ते बाबागाडीत असताना पॅरिसमध्ये एका माणसानं त्यांना पळवायचा प्रयत्न केला आणि दाईनं झटापट करून वाचवलं, तिच्या तोंडावरचे ओरखडे सुद्धा आठवायचे. ते पंधराएक वर्षांचे असताना त्या दाईचं पत्र आलं की ते सगळं मी बनवून सांगितलं होतं, आणि तेव्हा बक्षीस मिळालेलं घड्याळ पण तिनं परत केलं. घरात ऐकलेल्या गोष्टीचाच त्यांच्या डोक्यात सिनेमा झाला होता. तर माझी लू पण बहुतेक ताईकडून उसनी आणलेली.

दुसरी भानगड मारबतीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून असं सांगतात, सोबत महागाई, भ्रष्टाचार अशा नावांचे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि लोक ओरडतात "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!", कोणी "खासी खोकला घेऊन जा गे मारबत!" मग शेवटी तिला जाळतात. इथे माझं डोकं अडकलं होतं. तिनं आख्ख्या शहराचा खोकला घेतला, बरोबर? मग तिला जाळलं. मग खोकला कुठे गेला? धुरात! त्यामुळे मारबतीच्या दिवशी कुठेही धूर दिसला, अगदी भजेवाल्याच्या शेगडीचा सुद्धा, की मी श्वास बंद करायचो, एकदा तर काकांच्या खांद्यावर बसल्या बसल्या मला गरगरायला लागलं. आणि त्या पावसाळी हवेत पुढच्या आठवड्यात गल्लीतली अर्धी पोट्टी खोकतच असायची. मी म्हणायचो, बघा, सांगितलं होतं ना.

डायमंड क्रॉसिंगचं थोडक्यात. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे रूळ नागपूर स्टेशनजवळ जिथे एकमेकांना कापतात ती जागा. मला वाटायचं तिथे हिरा बसवलाय आणि गाडी त्याच्यावर अलगद वळते. मामांनी एकदा लांबून दाखवलं तेव्हा मी रडलो. पत्त्यातल्या चौकटसारखा आकार होतो म्हणून डायमंड म्हणे!

तुम्ही विचारलंय तशी का वाटायची, तर माझ्या मते मी मुद्दाम काही कल्पना वगैरे करत नव्हतो. मी हिशोबच करत होतो, फक्त आकडे अर्धे मिळाले होते, आणि मोठे लोक शब्द टाकून निघून जायचे. विचारलं तर "काऊन डोकं खातं बे" हे उत्तर ठरलेलं.

आता माझा भाचा पाच वर्षांचा आहे. परवा बाल्कनीत एसीच्या बाहेरच्या डब्यासमोर उभा राहून मला म्हणाला, "मामा, हा आपल्या घरातली गरमी बाहेर फेकून राहिला ना, म्हणून नागपूर एवढं तापते." मी हसून त्याला दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मग लक्षात आलं की एसी करतो तर तेच. मी गप बसलो. नंतर सायकल घेऊन बाहेर निघाला तर माझ्या आईनं त्याच्या खिशात कांदा टाकला, आणि त्यानं मला विचारलं, लू राहते कुठे?

मी सांगितलं, सीताबर्डीला.